नेटचा उपास कुणी करायचा?

परवा दादरला एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय, मोबाइल आणि तरुण पिढी. व्यासपीठावर एक गृहस्थ. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, बोलणं मऊ. माणूस वाईट नव्हे, वेळप्रसंगी आपल्या बाजूनं सही करणारा. म्हणाले, सहा महिन्यांपूर्वी मी मोबाइलचा डेटा बंद केला. वाचन वाढलं, झोप लागते, मन थाऱ्यावर आलं. तरुणांनो, नेटचा उपास करून बघा. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या.

खाली चहाच्या वेळी गाठून विचारलं, सर, मग ईमेल, बँक, बातम्या? ते निरागसपणे म्हणाले, घरी वायफाय आहे ना!

च्यायला, हे बरं आहे. घरात चोवीस तास नळ, आणि रस्त्यावरच्या पाणपोईचं पाणी सोडलं म्हणून त्यागी. उपास त्यालाच सुचतो ज्याच्या घरी साबुदाणा भिजत घातलेला असतो. आमच्या आज्यानं उपास केले नाहीत, तो उपाशी राहिला. त्यातला फरक पोटालाच कळतो.

कुर्ल्याला गाडी बदलेपर्यंत मी मनात हसत होतो. हार्बरच्या गर्दीत फोन थरथरला. कंपनीचा मेसेज. तुमचा पॅक शुक्रवारी संपतोय. ३४९ रुपये, २८ दिवस, रोज दोन जीबी. गंमत म्हणून बघितलं, गेल्या २८ दिवसांत आपण किती खाल्लं. ४१ जीबी. त्यातलं रील आणि व्हिडिओ ३६. उरलेलं बहुतेक व्हॉट्सॅप. वाचायच्या पीडीएफ, बँक, अर्ज, सगळं मिळून एक जीबीसुद्धा भरत नव्हतं.

हसू तिथंच गेलं. तेव्हापासून डोक्यात एकच किडा. शुक्रवारी पॅक मारायचा की नाही?

दोस्त हो, आधी हिशेब मांडू. हिशेबाला लाजायचं कारण नाही, आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या बिनहिशेबीच ठेवलं गेलं. जगाचा महिना तीस दिवसांचा, कंपनीचा अठ्ठावीसचा. म्हंजे वर्षाचे महिने बारा नाहीत, तेरा. तेरा गुणिले ३४९, झाले ४,५३७ रुपये. एका फोनचे. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत असे तीन फोन, एकूण १३,६११. आई कंत्राटी झाडूवाली, मी कंत्राटी कारकून, बहीण लॉच्या दुसऱ्या वर्षाला. ह्या पैशात आमचा दोन महिन्यांचा किराणा भरून वर उरतं. हाच पॅक जुलै २०२४ पर्यंत २९९ चा होता. त्या आठवड्यात तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकामागून एक भाव चढवले. आपल्या तीन गटांचं एका मोर्चाच्या तारखेवर एकमत होत नाही. ह्या तिघांचं आठवड्यात जमलं.

आणि म्हणे अनलिमिटेड! दिवसाचे दोन जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात एक फोटो उघडेपर्यंत बिडी ओढून होते. खरं अनलिमिटेड फाइव्ह-जीवाल्या फोनला. माझा फोर-जीचा, तोही सेकंडहँड. आपली हद्द कायम बारीक अक्षरात छापलेली असते.

ही चटक लागली कधी ते आठवतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. त्याआधी एका जीबीला दोन-अडीचशे मोजायचो, थेंब थेंब वापरायचो, नेट बंद करून फोन खिशात टाकायचो. ते एकदम फुकट झालं, डिसेंबरपर्यंत, मग मार्च २०१७ पर्यंत. सिम घ्यायला वस्तीतली पोरं रांगेत. मीही होतो. दारूच्या गुत्त्यावर पहिली क्वार्टर फुकट देतात, तसं. नंतर माणूस स्वतःच्या पायांनी येतो.

मग डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं, ज्याला नेट नको त्याला नुसता बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक द्या. कंपन्यांना ते नको होतं. तरी जानेवारी २०२५ मध्ये तसे पॅक आले, त्यातला एक ८४ दिवसांचा, ४४८ रुपयांना. वर्षाला दोन हजारांच्या आत. म्हंजे एका फोनमागं अडीच हजार वाचतात. सोडायचं म्हटलं तर वाट आहे.

पण सोडू द्यायला ही व्यवस्था कुठं तयार आहे? आईच्या मुकादमाला पहाटे साडेपाचला तिचा चेहरा फोनवर लागतो. झाडू हातात घ्यायच्या आधी कॅमेऱ्यात बघायचं. फोटो गेला नाही तर खाडा. सही येत नाही म्हणून जिनं आयुष्यभर अंगठा दिला, तिच्याकडून आता डोळे मिचकावून घेतात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. जात पडताळणी ऑनलाइन. रेशनची ई-केवायसी फोनवर. शेजारचा पोरगा दिवसभर लोकांच्या दारात जेवण पोचवतो, त्याचा डेटा बंद म्हंजे चूल बंद. पूर्वी खतं-बियाणं मालक द्यायचा आणि कूळ राबायचं. इथं बाइक त्याची, पेट्रोल त्याचं, डेटा त्याचा, आणि मालक आकाशात. झब्बेवाल्या गृहस्थांनी ह्या पोराला सांगावं उपास कर म्हणून!

आणि नुसत्या पोटाचाच प्रश्न नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मूकनायक काढलं, तेव्हा पैसे देऊ केले तरी केसरीनं त्याची जाहिरात छापली नाही. छापखाना त्यांचा, शाई त्यांची, मौनही त्यांचंच. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं. ते जातीचं हत्याकांड आहे हे मोठ्या पेपरांच्या डोक्यात शिरायला कित्येक आठवडे गेले. बातमी फिरली ती आपल्या पोरांच्या ईमेलवर, एसएमएसवर, ब्लॉगवर. २०१८ च्या २ एप्रिलला ॲट्रॉसिटी कायद्यासाठी देश बंद झाला. हाक फोनाफोनानं गेली. सरकारनं मध्य प्रदेशात, राजस्थानात ठिकठिकाणी नेट तोडलं. आपलं बोलणं फालतू असतं तर ते तोडायला कशाला धावले असते? आणि मे २०१५, शिर्डी. एक तरुण पोरगा. फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. तेवढ्यावरून त्याला उचलून नेला आणि ठार मारला. ज्या देशात आपल्या खिशातला आवाजसुद्धा सहन होत नाही, तिथं ‘मोबाइल सोडा, मन शांत होईल’ हे कुणाच्या मनाच्या शांतीसाठी सांगितलं जातंय?

इथवर लिहून थांबलो असतो तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते ३६ जीबी मला थांबू देत नाहीत.

कारण ते काही मूकनायकाचे वारस नाहीत. खरं सांगतो. गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका गावात आपल्या पोराला झाडाला बांधून मारल्याचा व्हिडिओ आला. मी तो लोकलमध्ये बघितला. जेवताना बघितला. सात ग्रुपवर टाकला, खाली ‘जाहीर निषेध’ लिहिलं, लाल तोंडाच्या तीन बाहुल्या लावल्या. मग बोट वर सरकवलं. पुढं कुत्र्याला आंघोळ घालणारी एक बाई होती. ते बघून हसलो. आणि झोपलो.

त्या गावाला कोण गेलं? मी नाही. आमच्यातलं कुणीच नाही. ३४८ जणांचा ग्रुप, एसटीचं तिकीट एकानंही काढलं नाही.

१९७२ ला मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा खिशात फोन नव्हता, बहुतेकांच्या खिशात बसभाडंही नव्हतं. बावड्याच्या बहिष्काराची, ब्राह्मणगावच्या विटंबनेची बातमी छापून आली आणि पोरं पेटली. ते दिवस सोन्याचे होते असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दोन वर्षांत फूटही पडली, तिचं पुढं काय झालं ते आपण भोगतोय. पण एक बातमी वाचून माणूस घरात बसू शकत नव्हता. मला रोज दहा बातम्या दिसतात आणि मी निवांत बसू शकतो. राग येतो, बोटातून निघून जातो. रागाचं गटार करून ठेवलंय साल्यांनी, आणि त्या गटारावर जाहिरातींचा बाजार मांडलाय. माझा निषेध आणि कुत्र्याची आंघोळ त्यांच्या गल्ल्यात एकाच भावानं जमा होते.

विहारातल्या रविवारच्या बैठकीला पूर्वी तीस-पस्तीस पोरं यायची. मागच्या वेळी अकरा आली. त्यातल्या आठांच्या माना खाली. सकाळी भीमगीत, दुपारी कुणी बुवा-बाबा, रात्री रमी. २०२५ च्या ऑगस्टात पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तोवर आमच्या गल्लीतल्या तिघांच्या मोटारसायकली गेल्या होत्या.

म्हणून ठरवलं, सोडायचं. उपास म्हणून नाही, शांतीसाठी तर नाहीच. शुक्रवारी माझ्या फोनवर बोलण्याचा पॅक. आईचा चालू राहील, मुकादमासाठी.

घरी येऊन जाहीर केलं. मोठ्या भावाच्या तोऱ्यात पुढं म्हणालो, ताई, तुझाही बंद करू. अभ्यासाला विहारात कनेक्शन घेऊ, सगळ्यांना मिळून एक.

ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “दादा, रात्री नऊनंतर मी विहारात बसू शकते का?”

मी गप्प.

“ह्या खोलीत मला दार आहे का? तुम्ही टीव्ही लावता, आई झोपते, मी फोन कानात घालून लेक्चर ऐकते. माझी खोली ती. तुला त्याग करायचाय तर तुझा कर, माझ्या वाटणीचा करू नकोस.”

मग तिनं एक खटला सांगितला. २०१९, केरळ उच्च न्यायालय. मुलींच्या वसतिगृहाचा नियम, संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करा. एका मुलीनं दिला नाही. तिला बाहेर काढलं. ती कोर्टात गेली आणि जिंकली. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल. “आणि तू वसतिगृहाचा रेक्टर व्हायला निघालायस,” ती म्हणाली.

मला त्या झब्बेवाल्या गृहस्थांचा चेहरा आठवला. च्यायला, तोच मऊ आवाज माझ्या घशातून निघाला होता. खालचा एक सापडला की आपणही वरचे होतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तिचा पॅक चालू राहणार. वाचलेल्या अडीच हजारांवर तिचा नाही, माझा हक्क आहे असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. ते विहाराच्या कनेक्शनला जातील.

ते कनेक्शन मात्र व्हायला पाहिजे, ह्यावर मी ठाम आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजना मंजूर केली. टपरीवाला, मंडळ, कुणीही सार्वजनिक वायफाय लावू शकतो, त्याला लायसन लागत नाही, फी नाही. २०२५ मध्ये ट्रायनं ह्या लोकांना द्यायच्या कनेक्शनचा भावही बांधून दिला, घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचा नाही. चहावाल्याला जमतं ते पन्नास वर्षं उभ्या असलेल्या विहाराला का जमू नये? २० मार्च १९२७ ला महाडला आपण चवदार तळ्यावर गेलो ते सार्वजनिक पाण्यासाठी. ज्यानं त्यानं आपापली बिसलेरीची बाटली विकत घ्यावी आणि त्यालाच हक्क म्हणावं, असा तो सत्याग्रह नव्हता. आज दीडशे घरं दीडशे बाटल्या घेतायत आणि तहान कुणाची भागत नाही.

अडचणी मला माहीत आहेत. पासवर्ड कुणाच्या हातात? बुद्धमूर्तीसमोर बसून पोरं काय बघणार? बिल थकलं तर? मुलींसाठी नऊनंतरचं काय, विहाराची मागची खोली त्यांना द्यायची का, आणि किल्ली त्यांच्याकडंच का नको? ज्येष्ठ मंडळी म्हणतील, वंदनेच्या जागी हे थेर कशाला. त्यांना मी विचारणार आहे, वंदनेला तरी किती येतात?

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता बैठक आहे. निम्मं भांडण किल्लीवरून होईल असा अंदाज आहे. बहीण येणार आहे, तिनं मुद्दे लिहून ठेवलेत, मला दाखवत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर फोन करा. शुक्रवारनंतर व्हॉट्सॅप मला पोचणार नाही.