हिरडीवरचा फोड आणि कोयत्याचा हंगाम

तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर बायोप्सी करा, हे आपण सगळेच शिकलो. पण रुग्ण दोन आठवड्यांनी पुन्हा येईल, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीत किंवा शेजारच्या केज, धारूरच्या गावांत तसं धरून चालता येत नाही. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. सप्टेंबरात 'पंधरा दिवसांनी दाखवा' म्हटलं, की पुढची भेट थेट मार्च-एप्रिलमध्ये.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की दिवस आपल्या पहिल्या तपासणीपासून मोजू नका, व्रण झाला तेव्हापासून मोजा. तारीख सांगता येत नसेल, तर सणांवरून विचारा. "मावशी, पोळ्याला हे होतं का? गणपतीत जेवताना झोंबत होतं का?" उत्तर 'हो' आलं, तर दोन आठवडे केव्हाच उलटलेले असतात. मग गोळ्या आणि मलम देऊन वाट पाहण्यात अर्थ नाही.

'तोंड आलंय' म्हणून बी-कॉम्प्लेक्स लिहिण्याआधी जागा पाहावी. नेहमीचे अॅफ्थस व्रण ओठाच्या व गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला येतात आणि बहुधा दहा-चौदा दिवसांत भरतात. हाडाला घट्ट चिकटलेल्या हिरडीवर ते क्वचितच येतात. तिथे बारीक व्रणांचा पुंजका असेल तर हर्पिस, पू येणारी पुळी असेल तर दाताच्या मुळाशी किंवा हिरडीत गळू, कवळीखाली असेल तर कवळीची घासणी. साल निघावी तशी हिरडी सोलत असेल, तर लायकेन प्लॅनस आणि पेम्फिगस मनात यायला हवेत. कडा कठीण लागते का, हे बोट लावल्याशिवाय कळत नाही. ताप, जिभेखाली सूज, गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा.

"तंबाखू खाता का?" याला बायका मनापासून 'नाही' म्हणतात. मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं, तेही रागावून नव्हे. मिश्री हिरडीवरच घासली जाते, तेव्हा ती कुठे लावतात आणि व्रण कुठे आहे, हे ताडून पाहा.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती हलणाऱ्या दाताची. बाकी हिरड्या बऱ्या असताना एकाच दाताभोवती मांस वाढलंय, दात हलतोय, आणि रुग्णाला कामावर जाण्याआधी तो काढून हवाय. तो काढण्याआधी तुकडा तपासायला पाठवा. हिरडीखाली लगेच हाड असतं. कर्करोग हाडाची वरची कवची भेदून आत शिरला, की गाठ लहान असली तरी टप्पा चौथा ठरतो. काढलेल्या दाताची खाच महिनाभर भरत नसेल, तर पुन्हा अँटिबायोटिक देऊ नका, बायोप्सी करा.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासत राहिल्याने तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्यासाठी उजेड, आरसा आणि पाच मिनिटं पुरतात, आणि ती पोळा ते दसरा या काळात आपण काढलीच पाहिजेत.

संशय असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी त्याच वेळी लिहा. व्रणाचा फोटो रुग्णाच्याच मोबाईलवर काढून द्या, आणि रिपोर्ट कळवायला गावात मागे राहणाऱ्या सासूचा किंवा दिराचा नंबर केसपेपरवर घ्या.