त्याला आधी नुसतं बघू द्या

आमच्या कन्नड गावातल्या कुठल्याही कॉलनीच्या ओपन स्पेसवर संध्याकाळी जाऊन बसा. "दे ना बाळा, शेअर कर!" हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहणार नाही. सांगणारी कधी आई असते, कधी आजोबा. आणि ज्याला सांगायचं तो जेमतेम दोन वर्षांचा. तो खेळणं छातीशी आणखी घट्ट धरतो. मग मोठी माणसं ते हातातून सोडवून दुसऱ्याला देतात आणि वर म्हणतात, "शहाणा माझा राजा!" राजानं तोवर भोकाड पसरलेलं असतं.

मी घाटाकडच्या एका गावात अंगणवाडी सांभाळली. आता नातू सांभाळते. त्याचे आईवडील वाळूजला कंपनीत आहेत, घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे सोबत काय, तर मोठी माणसं आणि मोबाइल. इथे शेजारच्या बांधकामापुढे वाळूचा ढीग पडलाय, गल्लीतली पोरं त्यावर असतात. सुरुवातीला हा माझा पदर धरून नुसता उभा राहायचा. सून फोनवर विचारायची, "आई, मिसळतो का हो तो?" मी म्हणायची, "बघतोय ना! घाई कशाला?"

सुनेला तो टाळाटाळीचा जबाब वाटला असेल, पण बघणं हेही खेळणंच आहे. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी बालशाळेतली दोन ते पाच वर्षांची मुलं खेळताना निरखली आणि १९३२ मध्ये त्यावर लिहिलं. काही मुलं एकटी खेळतात, काही बाजूला उभी राहून बघतात, काही शेजारी बसून तेच खेळतात पण आपापलं. एकत्र येऊन, कामं वाटून घेऊन खेळणं मोठ्या मुलांत जास्त दिसतं. आता या काही शाळेच्या इयत्ता नव्हेत. पोरगं सकाळी नुसतं बघेल आणि संध्याकाळी घोळक्यात धावेल. पण दोन वर्षांच्या मुलाकडून चार वर्षांच्याचा खेळ मागायचा आणि तो जमला नाही की "आमचा जरा लाजाळू आहे" म्हणून त्याच्यादेखत सांगत सुटायचं, हे काही मला पटत नाही.

नातू ढिगावर बसला तो एका मुलीच्या शेजारी, तिच्याकडे पाठ करून. ती प्लास्टिकच्या डब्यात वाळू भरून ओतत होती. थोड्या वेळानं यानंही चहाचं जुनं गाळणं वाळूत खुपसलं. तिनं ओतलं की हा ओतायचा. एकमेकांशी अक्षर नाही. तेवढ्यात तिला गाळणं हवंसं झालं, तिनं ओढलं, आणि तिच्या आईनं पलीकडून हाक मारली, "अगं, दे त्याचं त्याला! सॉरी म्हण!" मी म्हटलं, "राहू दे गं, मारामारी तर नाही ना?" नातवानं तिचा डबा उचलला. अदलाबदल झाली आणि दोघं पुन्हा कामाला लागली. आमचा तिथे काही उपयोग नव्हता.

चावलं, केस ओढले, डोळ्यांत वाळू फेकली तर मात्र क्षणात उठायचं. हात धरायचा, "तिला लागलं" एवढंच म्हणायचं. व्याख्यान नको. पाळी लावायचीच असेल तर "पाच मिनिटांनी" म्हणू नये. पाच मिनिटं म्हणजे काय ते त्याला कुठं ठाऊक? "तिचा डबा भरला की तुझी पाळी" हे त्याला डोळ्यांनी दिसतं. आणि डबा भरला की पाळी खरंच द्यायची, नाहीतर पुढच्या वेळी तो का थांबेल? खरं तर आपली निम्मी घाई मुलासाठी नसतेच. चार लोकांत आपलं पोर हावरट दिसू नये, म्हणून ती असते.

भांडण होणं न होणं खेळणं कुठलं यावरही असतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपल्यांनी, खड्यांनी, पानांनी बालवाडी चालवली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि गावोगाव अंगणवाड्या झाल्या. माझ्या अंगणवाडीतही खेळणी कमी आणि वाट्या, बिया, चिंचोके जास्त. एकाच्या हातातून हिसकावून दुसऱ्याला द्यावं अशी वेळ क्वचित यायची, कारण चिंचोके सगळ्यांना पुरायचे. महागडी गाडी एकच असते, म्हणून भांडण होतं.

ओपन स्पेसवर हल्ली व्यायामाची लोखंडी यंत्रं असतात. घसरगुंडी असते, पण एप्रिलमध्ये दुपारी तिला हात लावून बघा. दोन वर्षांच्या पोरानं बसावं कुठे? बांधकाम संपलं की आमचा ढीगही जाईल. कॉलनीच्या बैठकीत मी एक ब्रास वाळू मागणार आहे, भोवती विटांची एक ओळ. कुत्र्यामांजरांनी घाण करू नये म्हणून रात्री ताडपत्री लागेल. ती सकाळी काढायला आम्ही म्हातारी माणसं आहोतच. सहाला फिरायला तिथेच येतो.