यादी गेली, मोजणी उरली

शोधपत्रिकेत छापून आलेल्या निबंधाची पत लेखकाच्या पदव्यांवर ठरत नाही. छापण्यापूर्वी तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांनी बारकाईने वाचला आहे, त्यांच्या शंकांना लेखकाने उत्तरे दिली आहेत आणि या दोन बाजूंच्या मध्ये कोणाचाही मिंधा नसलेला संपादक बसला आहे, असे वाचक गृहीत धरतो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले तेव्हा काय छापायचे हे तेच ठरवीत. बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याची सरसकट पद्धत बरीच अलीकडची. ‘नेचर’सारख्या साप्ताहिकातही ती १९७३ मध्ये पक्की झाली. विद्यापीठे आज ज्या व्यवस्थेला प्रमाण मानतात तिचे वय एवढेच आहे, आणि तिचा डोलारा बहुतांशी विनामोबदला केलेल्या कामावर उभा आहे.

सगळे काही सज्जनपणावर सोडून भागत नाही, हे वैद्यकाच्या संपादकांना आधी उमगले. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि त्यातून त्यांची आंतरराष्ट्रीय समिती आकाराला आली. १९९७ मध्ये ब्रिटनमधील संपादकांनी ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ स्थापन केली. ‘कोप’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे आता सर्वच ज्ञानशाखांत वापरली जातात. त्यातले बरेचसे नियम साधे आहेत. एक निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. संशोधनाला पैसा कोणी दिला ते उघड सांगावे. परीक्षणासाठी हाती आलेले अप्रकाशित काम परीक्षकाने स्वतःसाठी वापरू नये. संपादकाने आपल्या जवळच्या सहकाऱ्याच्या निबंधावर निर्णय देऊ नये. चूक आढळली तर दुरुस्ती छापावी आणि निष्कर्षच भरवशाचे राहिले नसतील तर निबंध मागे घ्यावा.

कळीचा नियम आहे तो लेखक कोणाला म्हणावे याचा. वैद्यकीय संपादकांच्या समितीने त्यासाठी चार अटी घातल्या आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात: कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा ती तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करणे, छापल्या जाणाऱ्या मजकुराला अंतिम संमती, आणि संपूर्ण कामाबद्दल जाब देण्याची तयारी. विभागप्रमुखाचे पद, प्रयोगशाळेची सोय किंवा आणलेला निधी एवढ्यावर आभारांत नाव येते, लेखकांत येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक म्हणून मान्यता देता येणार नाही, असे ही समिती आणि ‘कोप’ या दोन्ही संस्थांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले, तेही जाब देण्याच्या मुद्द्यावरच.

भारतात प्राध्यापकाच्या पदोन्नतीचे नियम या अटींच्या बरोबर उलट्या दिशेने ओढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेतल्या निबंधाला ८ आणि भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतल्या निबंधाला १० गुण आहेत. शिवाय पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, म्हणजे तिच्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याप्रमाणे, ५ पासून ३० पर्यंत वाढीव गुण. दोन लेखक असतील तर एकूण गुणांच्या ७० टक्के प्रत्येकाला मिळतात. दोनपेक्षा अधिक असतील तर प्रमुख लेखकाला ७० आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे एकट्याने लिहिलेला निबंध १०० टक्क्यांचा असतो, त्यावर पाच नावे चढवली की तोच १९० टक्क्यांचा होतो. ‘माझ्या पेपरवर तुझे नाव, तुझ्या पेपरवर माझे’ हा व्यवहार यामुळे दोघांच्याही फायद्याचा ठरतो. विद्यार्थ्याच्या प्रत्येक निबंधावर मार्गदर्शकाचे नाव हक्काने चढते ते वेगळेच. नैतिकतेवर व्याख्याने ठेवणाऱ्या महाविद्यालयातच ‘कॅस’ या पदोन्नती योजनेची फाइल भरताना हे गणित मांडले जाते, आणि त्यात नियमभंग काहीच नसतो.

या मोजणीची सुरुवात त्याआधीची. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध प्रसिद्ध झालेला असावा, अशी अट आयोगाने २००९ मध्ये घातली. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका आणि पदोन्नती एपीआय या गुणपद्धतीला बांधल्या गेल्या. हजारो शिक्षकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना ठरावीक मुदतीत छापून येणे भाग पडले. त्यांतल्या अनेकांच्या महाविद्यालयांत ना प्रयोगशाळा होती, ना धड ग्रंथालय, ना अध्यापनातून सुटका. मागणी एवढी असताना पुरवठा करणारे निघणारच. आठ दिवसांत स्वीकृती, सोबत प्रमाणपत्र, शुल्क ऑनलाइन भरा, अशा पत्रिकांचा सुळसुळाट झाला. त्या मुखपृष्ठावर आयएसएसएन ठळक छापतात. हा क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवण्यापुरता असतो, दर्जाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी कॉलेजांमध्ये तो सरकारी शिक्क्यासारखा मानला गेला.

हा बाजार किती पसरला होता ते २०१३ मध्ये जगाने पाहिले. ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध खुल्या प्रवेशाच्या ३०४ पत्रिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातल्या ६४ पत्रिका होत्या, नाकारणाऱ्यांत १५. हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला. संमती न घेता नामवंतांना संपादक म्हणून दाखवणे, परीक्षणाचा खोटा दावा करणे आणि शुल्काची गोष्ट निबंध स्वीकारल्यानंतरच सांगणे, असे आरोप होते. २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. भारतीय कंपनीच्या या धंद्याला चाप लावायला अमेरिकेतले ग्राहकहिताचे खाते पुढे आले, ही बाब येथील नियामकांना शोभणारी नव्हती.

आयोगाने उपाय म्हणून मान्य पत्रिकांची यादी काढली. २०१७ च्या त्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकाही होत्या आणि बोगस पत्रिका शिरल्या त्या मुख्यतः याच दाराने. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यादी तपासली. तो अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ पत्रिका त्यांनी पाहिल्या. ३४.५ टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे यांसारखी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा नव्हती. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी खोटा आयएसएसएन, खोटा इम्पॅक्ट फॅक्टर असे दावे केले होते किंवा त्यांचे संपादक त्या योग्यतेचे नव्हते. शिफारस करणारी विद्यापीठेच होती, हे या आकड्यांइतकेच गंभीर आहे. त्या वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ पत्रिका वगळल्या.

त्यानंतर आलेली ‘यूजीसी-केअर’ यादी पुण्याच्याच विद्यापीठातील केंद्राच्या मदतीने तयार होत असे आणि आधीच्या यादीपेक्षा ती निश्चितच काटेकोर होती. पण कोणतीही यादी झाली की तिच्यात असणे हाच विकाऊ माल होतो. खऱ्या पत्रिकेचे नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब संकेतस्थळ उभारायचे आणि शुल्क गोळा करायचे, असे प्रकार झाले. ‘केअर’ला अशा नकली पत्रिकांची वेगळी नोंद ठेवावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केली. पत्रिकेची निवड कशी करावी यासाठी काही निकष सुचवून जबाबदारी संस्थांवर सोपवली. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. कोणते काम चांगले हे ज्याने त्याने आपल्या विषयात ओळखले पाहिजे. अडचण एवढीच की ज्या विद्यापीठांनी २०१७ मध्ये बनावट पत्रिकांची शिफारस केली होती त्यांच्याकडेच हे काम आले, आणि गुणांचे कोष्टक जिथल्या तिथे राहिले.

वाङ्मयचौर्याबाबत आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० पर्यंत एक पायरी, ६० पर्यंत दुसरी, त्यापुढे नोंदणी रद्द, अशी उतरंड आहे. शिक्षा ठरलेली असणे बरेच. मात्र टक्केवारी संगणक काढतो आणि त्याला शब्दांचे साम्य दिसते, कल्पनेची चोरी दिसत नाही. इंग्रजी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपवले तर अहवाल बहुधा स्वच्छच येतो. टक्के उतरवण्यासाठी शब्द फिरवून देणारी दुकानेही आहेत. मराठीत लिहिणाऱ्या संशोधकांच्या बाबतीत तर मार्गदर्शकाने स्वतः वाचण्याला दुसरा पर्याय नाही.

बनवाबनवी फक्त स्वस्त पत्रिकांत चालते हा समजही टिकणारा नाही. ‘वायली’ या मातब्बर प्रकाशनसंस्थेने २०२१ मध्ये ‘हिंदावी’ ही कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरला घेतली. तिच्या विशेषांकांत पाहुणे संपादक आणि परीक्षक या वाटेने निबंध विकणाऱ्या टोळ्या शिरल्या होत्या; २०२३ या एका वर्षात हिंदावीचे ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले आणि ते नावच पुढे बंद करण्यात आले. २०२० मध्ये करोना रुग्णांना दिलेल्या औषधांबाबतचे दोन निबंध ‘लॅन्सेट’ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ यांना मागे घ्यावे लागले, कारण सर्जिस्फिअर कंपनीने पुरवलेली मूळ माहिती कोणालाच तपासायला मिळाली नाही. लेखकाकडून प्रति निबंध शुल्क घेणाऱ्या प्रकाशकाला जास्त निबंध छापण्यात नफा असतो. त्या नफ्याच्या आड येणारी माणसे म्हणजे संपादक आणि परीक्षक. आणि परीक्षकाला या कमाईतला रुपयाही मिळत नाही.

निबंध मागे घेण्याकडे कसे पाहायचे हा प्रश्न आता भारतात ऐरणीवर येतो आहे. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि स्वमग्नता यांची सांगड घालणारा १९९८ चा निबंध मागे घ्यायला ‘लॅन्सेट’ला २०१० उजाडले, आणि मधल्या १२ वर्षांत लसीकरणाचे व्हायचे ते नुकसान झाले. तेव्हा त्वरेने मागे घेणे हे चांगल्या पत्रिकेचे लक्षण मानायला हवे. एनआयआरएफ या उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांबद्दल गुण कापण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. आकड्यांच्या हव्यासापोटी निबंधांचे ढीग रचणाऱ्या काही संस्थांना त्याने धाक बसेल. पण कापाकापी करताना लबाडी आणि प्रामाणिक चूक वेगळी काढली नाही, तर स्वतःहून चूक कळवणाऱ्या संशोधकाला त्याचीच संस्था गप्प बसवेल. मागे घेण्याच्या सूचनेत कारण लिहिलेले असते. ते वाचण्याचे कष्ट क्रमवारी करणाऱ्यांनी घेतलेच पाहिजेत.

वाचणे हेच या सगळ्यातले वगळलेले काम आहे. उमेदवाराच्या साठ निबंधांची संख्या तपासण्याऐवजी त्याने स्वतः निवडलेले पाच निबंध निवड समितीने आधी मागवावेत आणि त्यांवर प्रश्न विचारावेत. बनावट पत्रिका, चढवलेली नावे आणि फिरवलेले शब्द त्या अर्ध्या तासात उघडे पडतात. आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएच.डी.पूर्वीच्या निबंधाची सक्ती काढली, हे योग्य दिशेचे पाऊल होते. प्राध्यापकांच्या बाबतीत तेवढे धैर्य अजून दाखवलेले नाही.

मराठीपुरता प्रश्न थोडा निराळा आहे. वाईचे ‘नवभारत’ किंवा मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ अशी नियतकालिके वर्षानुवर्षे संपादकांच्या पदरमोडीवर आणि वर्गणीदारांच्या जिवावर चालत आली. आंतरराष्ट्रीय सूचींत मराठी निबंधांना जवळपास स्थान नाही, त्यामुळे इम्पॅक्ट फॅक्टरच्या तराजूत त्यांचे वजन शून्य भरते आणि मराठीचा प्राध्यापकही शुल्क घेऊन छापणाऱ्या इंग्रजी नावाच्या पत्रिकेकडे वळतो. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत केंद्र सरकारने परदेशी-देशी अशा ३० प्रकाशकांची नियतकालिके वाचण्यासाठी तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. भारतीय भाषांतल्या निवडक शोधपत्रिकांना पगारी सहायक संपादक, परीक्षकांना मानधन आणि जुन्या अंकांचे संगणकीकरण यांसाठी त्याचा अगदी लहान अंशही पुरेल. राज्यातल्या विद्यापीठांनी तो भार वाटून घ्यायलाही हरकत नाही. सहलेखकांचे ७० आणि ३० टक्क्यांचे कोष्टक दुरुस्त करायला तर पैसाही लागत नाही. आयोगाची एक अधिसूचना त्यासाठी पुरे आहे.