पडद्यातले छिद्र आणि उमऱ्याचे तिकीट

पवनारहून एका बहिणीचे पत्र आले आहे. अब्बांना तरुणपणापासून रातांधळेपणा. मगरिबनंतर मशिदीतून घरी यायला कुणाचा तरी हात लागतो. बाजूचे दिसणेही हळूहळू गेले, पण समोरचे दिसत होते. कुरआनची तिलावत चालू होती. आता ओळीतली मधलीच अक्षरे गायब होतात. डॉक्टरांनी पडद्याच्या मध्यभागी छिद्र, म्हणजे मॅक्युलर होल, सांगितले आणि ऑपरेशन सुचवले. बहीण विचारते, याने रातांधळेपणाही जाईल का? आणि पुढच्या महिन्यात उमऱ्याला निघायचे आहे, त्याचे काय?

रातांधळेपणा जाणार नाही. हे ऑपरेशनच्या आधीच घरात सर्वांना कळलेले बरे. कागदांवर मूळ आजार रेटिनायटिस पिग्मेंटोसा असा लिहिला आहे. जीवनसत्त्व अ कमी पडल्याने होतो तो रातांधळेपणा वेगळा. हा गाजर-पपईने जात नाही. यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बहुधा कडेकडून मरत येतात. जगात साधारण ४००० माणसांत एकाला होणारा हा आजार, पण नागपूरकडच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली तेव्हा प्रमाण ७५० मागे एक निघाले. तो आनुवंशिक आहे. चुलत-मावस भावंडांत निकाह होणाऱ्या घरांत त्याचा धोका वाढतो, हे आपल्याकडे स्पष्ट बोलले जात नाही, बोलले पाहिजे.

मग ऑपरेशन कशाला? कारण अब्बांकडे उरली आहे ती मधलीच नजर. १९९१ साली केली आणि वेंडेल या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे छिद्र बुजवता येते हे दाखवले. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, छिद्राभोवतालचा अतिशय पातळ पापुद्रा सोलतात आणि आत गॅस भरतात. बुडबुडा वर चढतो. म्हणून काही दिवस तोंड खाली ठेवायचे, म्हणजे तो मागच्या पडद्यावर टेकतो. या आजारातही छिद्र बुजल्याची उदाहरणे आहेत. पण छिद्र बुजणे आणि अक्षर दिसणे या दोन गोष्टी आहेत. खालच्या पेशी किती जिवंत आहेत, यावर नजर ठरते. ओसीटी तपासणीत त्याचा अंदाज येतो. तो डॉक्टरांना सरळ विचारा.

नमाजबद्दल पत्रात विचारलेले नाही, तरी घरात प्रश्न निघेलच. सजद्यात तोंड खालीच असते, म्हणून चालेल असे परस्पर ठरवू नका. वाकण्याची मुभा कधीपासून, डोळ्याला पाणी कधी लावायचे, हे डॉक्टर सांगतील. तोवर बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची आजारी माणसाला सवलत आहेच. वुजूचे इमामसाहेबांना विचारा.

आता तिकीट. डोळ्यात गॅस असताना विमान नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो, डोळ्यातला दाब चढतो आणि उरलेली नजर कायमची जाऊ शकते. चिखलदऱ्यासारख्या उंच ठिकाणी जाण्याआधीही विचारावे. कोणता गॅस भरला यावर दोन-तीन आठवडे ते दोन महिने लागतात. गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरले तर विमानाची ही अडचण येत नाही, पण ते काढायला बहुधा दुसरे ऑपरेशन लागते. म्हणून ऑपरेशनची तारीख घेतानाच प्रवासाची तारीख सांगा. गॅस पूर्ण विरला असे तपासून कळेपर्यंत मनगटावरची सूचनेची पट्टी काढू नका. मध्येच दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर त्या डॉक्टरांनाही गॅसचे आधी सांगा. भुलीच्या एका वायूनेही तो फुगतो.