ताप आलाय? अंगावरची खपलीही शोधा

विदर्भात ऑगस्ट लागला की दवाखान्यांपुढे तापाच्या रुग्णांची रांग लागते. मलेरियाची तपासणी होते, डेंगीची होते, प्लेटलेट मोजल्या जातात, सलाइन चढतं. सगळं निगेटिव्ह आलं की ‘व्हायरल’ म्हणून रुग्णाला घरी पाठवलं जातं. त्यातल्या काहींच्या काखेत, जांघेत, स्तनाखाली किंवा कमरेला नाडी बांधतात तिथे एक छोटी काळी खपली असते. विडीचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कडा. ती बहुधा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि डॉक्टर पाहत नाहीत.

ही स्क्रब टायफसची खूण. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराने बळी घेतले, तेव्हा कुठे त्याचं नाव लोकांच्या कानांवर पडलं. आजार मात्र जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने सैनिकांना बेजार केलं होतं.

ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा त्याचा जिवाणू. तो पसरवतो माइट, म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतला अगदी बारीक जीव. चावते ती फक्त त्याची अळी, चिगर. मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी ही अळी गवताच्या टोकाशी दबा धरून बसते आणि आयुष्यात बहुधा एकदाच प्राण्याच्या अंगावर पोट भरते. मग मातीत उतरते आणि पुढचं आयुष्य किड्यांच्या अंड्यांवर काढते. म्हणजे माणसाला चावणारी अळी त्याआधी सहसा कुणालाच चावलेली नसते. जिवाणू तिला अंड्यातूनच, आईकडून मिळालेला असतो. रानउंदीर, घुशी, चिचुंद्र्या यांचं काम या माइटना पोसण्याचं. उंदराच्या कानाच्या पाळीत चिगर झुपक्याने चिकटलेले सापडतात, आणि उंदीर धुऱ्याधुऱ्याने फिरेल तिथे तेही पोचतात.

म्हणूनच साथ आली की उंदीर मारण्याची मोहीम काढून भागत नाही. उंदीर संपले तरी मातीतले माइट उरतात, त्यांच्या पुढच्या पिढीत जिवाणू उरतो. घराभोवतीचं तणकट काढणं आणि शेतातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलणं हे जास्त कामाचं. पण निंदणाला दिवसभर गवतात बसणाऱ्या बाईला ‘गवतात बसू नका’ हा सल्ला देण्यात काय अर्थ आहे? तिची खरी सुरक्षितता दवाखान्यात आहे.

आणि तिथे औषध आहे. डॉक्सीसायक्लिन, स्वस्त आणि जुनं. गरोदर बाईसाठी अझिथ्रोमायसिन. वेळेत सुरू झालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू एकेक करून बिघडतात. तापात सर्रास दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातली महागडी इंजेक्शनं या जिवाणूवर चालत नाहीत. त्यांच्यावर गेलेले चार दिवस वाया जातात. गंभीर रुग्णांना दोन्ही औषधं शिरेतून एकत्र देणं अधिक गुणकारी, हे भारतातल्याच सुमारे ८०० रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं. ते निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले.

गोरखपूरचं उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. तिथे मुलांच्या मेंदूज्वरामागे वर्षानुवर्षं जपानी मेंदूज्वर शोधला गेला. नंतरच्या अभ्यासांत निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्क्रब टायफसचा पुरावा मिळाला. साधी गोळी जवळच होती, पण संशयच आला नव्हता.

खपली प्रत्येक रुग्णाला उठत नाही, त्यामुळे ती नसली म्हणजे आजार नाही असं समजू नये. एलायझा तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात मिळायलाच हवी. मात्र तिच्या अहवालासाठी गोळी अडवून ठेवू नये. संशय येताच उपचार सुरू करा, असं आयसीएमआरच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. या पावसाळ्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाच दिवसांहून जुन्या तापाच्या प्रत्येक रुग्णाचं पूर्ण अंग तपासलं जावं, तसं केसपेपरवर नोंदवलं जावं. बायकांसाठी पडदा आणि नर्सताई हव्यात, कारण खपली नेमकी तिथेच असते जिथे दाखवायला त्या संकोचतात. आशाताईंनीही तापाची चौकशी करताना एक प्रश्न वाढवावा: गेल्या दोन-तीन आठवड्यांत गवत कापायला, निंदायला, सरपणाला कुठे गेला होता?