नाभीय अंतर म्हणजे काय हो?



आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' होणार, हे एव्हाना बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी, खर्च २६०० कोटी. गावात त्याला 'मोठी दुर्बीण' म्हणतात. डोळा लावायला तिथं काही नसणार, पण म्हणोत बापडे! मला बोलायचंय ते त्यातल्या आरशांबद्दल.

मी मराठीचा बी.ए. तरी विज्ञानाचे सर रजेवर गेले की दहावीचा तास माझ्याकडे यायचा. तेव्हापासूनचं माझं ठाम मत आहे की नाभीय अंतर आपण पाठ करून घेतो, दाखवत नाही. 'वक्रता त्रिज्येच्या निम्मे' हे पोरगं झोपेतही सांगेल. पण ते जास्त असलं तर काय, कमी असलं तर काय, असं विचारा... वर्गात शुकशुकाट!

मी आपला वाचायचा चष्मा काढायचो. खिडकीसमोरच्या भिंतीवर कागद धरायचा आणि चष्मा पुढेमागे करायचा. बाहेरचं लिंब कागदावर उलटं उमटलं की पट्टीनं अंतर मोजायचं. नंबर +२ असेल तर अंतर अर्धा मीटर, +४ असेल तर पाव मीटर. म्हणजे एकाला मीटरमधल्या अंतरानं भागलं की चष्म्याचा नंबर! अंतर जितकं कमी, तितकं भिंग प्रकाशाला जास्त वाकवतं. खर्च शून्य.

आता लायगोकडे या. अमेरिकेतल्या लायगोची एकेक भुजा ४ किलोमीटरची. टोकाचा आरसा ३४ सेंटीमीटर व्यासाचा, ४० किलो वजनाचा, अंतर्वक्र. त्याची वक्रता त्रिज्या सुमारे २२४५ मीटर, म्हणजे नाभीय अंतर एक किलोमीटरहून जास्त! मी हिशोब करून पाहिला, तर या आरशाची मधली खोली केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी भरते. हात फिरवला तर सपाटच वाटेल. मग एवढीशी वक्रता कशाला? लेसरचा झोत इतक्या लांब जाताना पसरतो, आणि तो भुजेत सुमारे ३०० वेळा ये-जा करतो. आरसे सपाट असते तर प्रकाश कडेनं सांडत गेला असता. ही एवढीशी वक्रता त्याला दर वेळी गोळा करून परत पाठवते.

तसेच आरसे आमच्या जिल्ह्यात येणार. ते हाताळायला माणसं पुण्या-इंदूरहून येतील, येऊ द्या की. पण औंढ्याची पोरं तिथं फक्त गेटवर उभी राहणार असतील तर मला ते पटत नाही. प्रयोगशाळेला अनुदान नाही, हे रडगाणं मी तीस वर्षं ऐकलं. चष्मा तर प्रत्येक गुरुजीच्या नाकावर आहे!

कुणी शिक्षक-ब्लॉगरनं अंतर्वक्र आरशाचा असाच फुकटातला प्रयोग केला असेल तर जरूर लिहा. स्टीलची पळी मी करून पाहिली आहे, पण तिचं नाभीय अंतर इतकं कमी की मागच्या बाकावरच्या पोरांना काही दिसत नाही.