पंचाच्या डोक्याचं काय?

ग्वाल्हेरला गेलो की माझा मुक्काम ठरलेला: लष्कर भागातला कंपू. धाकटी मावशी पेडण्याहून लग्न करून तिथे गेली त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. तिचं मराठी अजून पेडण्याचं आहे, काकांचं ग्वाल्हेरचं, म्हणजे वाक्याची सुरुवात मराठीत आणि शेवट हिंदीत. कंपू हे नाव मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं, कारण आपल्याकडे कंपू म्हणजे टोळकं. पण शिंद्यांच्या पदरी युरोपियन अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेल्या ज्या पलटणी होत्या, त्यांना कंपू म्हणत. जुने कोशकार या शब्दाचं मूळ पोर्तुगीज 'कांपो'त, म्हणजे मैदानात, शोधतात. आपलं पणजीचं कांपाल त्याच कुळातलं. तेव्हा गोंयकाराने कंपूत परकं वाटून घ्यायचं कारण नाही!

आणि मैदान म्हटलं की खेळ आलाच. राज्याची महिला हॉकी अकादमी याच कंपूतली. ज्यांचं नाव स्टेडियमला दिलं ते कॅप्टन रूपसिंग हे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरच्या मातीतच रुजलेले. त्या स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने नाबाद २०० केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक. काका तिथे प्रेक्षकांत होते. त्या डावाचा चेंडू न् चेंडू त्यांना पाठ आहे. मी एकदा मुद्दाम विचारलं, "काका, त्या दिवशी पंच कोण होते हो?" काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, मी स्वतः अंपायर, आणि मलाच याद नाही बघ."

काका शाळेत मास्तर होते आणि पंचवीस वर्षं स्थानिक सामन्यांत पंच. पांढरी टोपी, खिशात सहा खडे. तीन वर्षांपूर्वी एका सामन्यात फलंदाजाने चेंडू सरळ मारला. काका तेव्हा गोलंदाजाचं पाऊल रेषेच्या आत पडलं की नाही ते बघत होते. मान वर करेपर्यंत चेंडू डाव्या कानामागे बसला. जीव वाचला, पण त्या कानाची ऐकू येण्याची शक्ती गेली. बॅटची बारीक कड लागली की नाही हे पंचाला डोळ्यांपेक्षा कानाने अधिक कळतं. त्यामुळे काका आता फक्त स्क्वेअर लेगला उभे राहतात. जोडीदार पंच समजूतदार आहेत म्हणून चाललंय. मावशीचं म्हणणं वेगळं आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता जरा हिशेब करू. (कारकुनाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही.) खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे सुमारे २० मीटर. पंच पलीकडच्या यष्टींच्या थोडा मागे. जोरात मारलेला फटका ताशी १४० किलोमीटरने आला तर सेकंदाला ३९ मीटर होतात. म्हणजे पंचाकडे अर्धा सेकंद, त्यातलाही काही भाग नजर गोलंदाजाच्या बुटावरून वर आणण्यात जातो. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. हल्लीच्या बॅटींच्या कडा अशा जाड झाल्या की २०१७ साली नियम करून त्या ४० मिलिमीटरवर थांबवाव्या लागल्या. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०२० पासून पुढच्या पावलाचा नो-बॉल तिसरा पंच पडद्यावर बघू लागला, तेवढी मैदानावरच्या पंचाची नजर मोकळी झाली. गावच्या सामन्याला तिसरा पंच कुठला? तिथे दुसराच मिळायची मारामार.

हे सगळं नशिबाचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक नाव सांगतो. हिलेल आवासकर. तिकडे त्यांना ऑस्कर म्हणत. आडनावातच अलिबागजवळचं आवास गाव आहे. बेने इस्रायली मंडळी कोकणातून इस्रायलला गेली ती मराठी आणि क्रिकेट दोन्ही घेऊन गेली. आवासकर इस्रायलच्या संघाचे कप्तान होते, पुढे पंच झाले. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी अश्दोदच्या सामन्यात फलंदाजाने मारलेला चेंडू यष्टींवर आपटून त्यांना लागला आणि ते गेले. दोनच दिवस आधी ऑस्ट्रेलियात फिलिप ह्यूज गेला होता. जगभर लोकांनी दारात बॅटी उभ्या करून ह्यूजला निरोप दिला, तो योग्यच होता. आवासकरांची बातमी मात्र त्याच्या बातमीच्या पोटात, चार ओळींत. आपल्या मराठी कुळातला माणूस, पण आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

वेल्समध्ये २००९ साली पंच अल्क्विन जेंकिन्स क्षेत्ररक्षकाचा थ्रो डोक्यात बसून गेले. २०१६ च्या डिसेंबरात वानखेडेवर भुवनेश्वरचा थ्रो पॉल रायफल यांच्या डोक्याला मागून लागला, त्यांना सामना सोडावा लागला. त्याच्या वर्षभर आधी दिंडीगुलला रणजी सामन्यात जॉन वॉर्ड जखमी झाले. पुढल्याच महिन्यात ते कॅनबेराला हेल्मेट घालून उभे राहिले. मुंबईचे पश्चिम पाठकही देशी स्पर्धेत हेल्मेट घालून उतरले होते. लोकांनी त्यांच्या लांब केसांची चर्चा जास्त केली. असो.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये पंच थेट झेलणाऱ्याच्या पाठीशी वाकून उभा असतो. त्याच्या तोंडावर जाळी, छातीवर कवच, नडग्यांना ढाल. एवढं असूनही १९६९ साली कॅल ड्रमंड यांच्या मास्कवर चेंडू आदळला, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पंचगिरीला उतरल्यावर ते गेले. तेव्हा हेल्मेट घातलं की सगळं भागलं असं मी म्हणत नाही. पण तिथे मास्क घातलेल्या पंचाला कुणी भित्रा म्हणत नाही. आपल्याकडे काकांना मी हेल्मेटबद्दल विचारलं तर म्हणाले, "लोक हसतील ना रे. अंपायर डरतो म्हणतील."

माझ्या मते काकांचं हे भय चेंडूच्या भयापेक्षा मोठं आहे, आणि ते आपणच त्यांच्या मनात घातलंय. पाचांमुखी परमेश्वर म्हणतो आपण. परमेश्वराला चेंडू लागत नाही, असंही बहुधा समजतो. फलंदाजाची काळजी त्याचा संघ करतो, यष्टीरक्षकाची त्याचा. पंच कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणून त्याची काळजी कुणीच करत नाही. त्याने आपलं हेल्मेट आपण विकत आणावं, असं तीनशे रुपये मानधन घेणाऱ्याला सांगणं मला पटत नाही. सामन्याचा चेंडू आयोजक देतात, यष्ट्या आयोजक देतात. पंचाचं हेल्मेटही त्याच यादीत पाहिजे, आणि ते घालणं पंचाच्या मर्जीवर नको. मर्जीवर ठेवलं की काकांसारखी माणसं टोपीच घालणार.

आमच्या कार्यालयातही दरवर्षी लेदर बॉलचे सामने होतात आणि अंदाजपत्रकाचं काम माझ्याकडे असतं. मागची दहा वर्षांची अंदाजपत्रकं काढून बघितली. ट्रॉफ्या, मंडप, ध्वनिक्षेपक, चहापाणी, पाहुण्यांसाठी शाल आणि श्रीफळ. एका वर्षी फटाकेसुद्धा. पंचांच्या नावापुढे फक्त मानधन. ती अंदाजपत्रकं मीच तयार केलेली, माझ्याच अक्षरातली. यंदा शालीच्या खाली एक ओळ वाढवली: 'पंचांसाठी हेल्मेट, २ नग'. फाईल वर गेली. चार दिवसांनी शिपायाने परत आणून दिली, तर त्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. खाली कुणाची सही नाही. मी काकांच्या कानाची हकीकत अर्ध्या पानात लिहून टिपणीला जोडली आणि फाईल पुन्हा पाठवली. अजून आलेली नाही.